आठवीच्या पुस्तकातली एक ओळ आणि आपले दोन तालुके

पोस्ट मोठी आहे. ज्यांची मुलं आठवी ते दहावीत आहेत त्यांनी तरी वेळ काढून वाचा. बाकीच्यांनी लोकलमध्ये बसल्या बसल्या वाचली तरी चालेल, कर्जतपासून कल्याणपर्यंत आरामात होते.

आठवीच्या इतिहासाच्या पुस्तकात 1942 च्या छोडो भारत आंदोलनाचा धडा आहे. त्यात भूमिगत चळवळीबद्दल सांगताना कर्जत तालुक्यातल्या भाई कोतवालांच्या ‘आझाद दस्त्या’चं नाव येतं, शेजारीच नागपूरच्या जनरल आवारींच्या ‘लाल सेने’चं. या दोघांनी सरकारला सळो की पळो केलं, एवढं सांगून धडा पुढे जातो. राज्यभरातली लाखो मुलं ती ओळ वाचतात. आपल्या तालुक्याचं नाव राज्याच्या पुस्तकात आहे, ही अभिमानाची गोष्ट. मला त्याबद्दल तक्रार नाही. अख्ख्या महाराष्ट्रासाठी लिहिलेल्या पुस्तकात एका तालुक्याला एक ओळ मिळाली तर ती पुरे आहे.

माझा प्रश्न वेगळा आहे. ती ओळ सोलापूरच्या मुलाने जशी वाचावी तशीच आपल्या कर्जत-खालापूरच्या मुलाने पण वाचायची का?

परीक्षेत ती ओळ कशी येते ते सांगतो. ‘चुकीची जोडी ओळखा.’ भाई कोतवाल – आझाद दस्ता, जनरल आवारी – लाल सेना, पुढे आणखी दोन. एक मार्क. मागच्या महिन्यात नेरळजवळच्या एका गावात आठवीतल्या पोराला सहज विचारलं, भाई कोतवाल कोण रे? फाडकन उत्तर, “आझाद दस्ता!” बरोबर. दस्ता म्हणजे काय? गप्प. कुठले होते ते? जरा विचार करून म्हणाला, “नागपूर?” त्याच्या घराच्या मागच्या पडवीत उभं राहिलं की समोर माथेरानचा डोंगर दिसतो. भाई कोतवाल त्या डोंगरावर जन्मले. पोराला दोष नाही. त्याने पाठ केलं ते बरोबर होतं, त्याला मार्क पण मिळाला असेल.

तर आता ती एक ओळ जरा उघडून बघू.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, जन्म 1 डिसेंबर 1912, माथेरान. नाभिक कुटुंबातला मुलगा. त्या काळात शिकून वकील झाला, माथेरानच्या नगरपालिकेत उपाध्यक्ष झाला. इथपर्यंतच थांबला असता तरी सुखाचं आयुष्य होतं. पण वकिलीपेक्षा या माणसाचा जास्त वेळ खाली कर्जतच्या गावांत आणि वाड्यांत गेला. शेतकरी पावसाळ्याच्या तोंडावर सावकाराकडून भात उचलायचा आणि सुगीला दीडपट-दुप्पट परत करायचा. त्यातून सुटायला भाईंनी गावांमध्ये धान्याच्या कोठ्या सुरू केल्या. आणि शाळा काढल्या. ज्या माणसाची आपण एका मार्काची जोडी लावतो, त्या माणसाने आपल्याच तालुक्यात गावोगाव शाळा चालवल्या होत्या, हे आठवीच्या वर्गात सांगायला नको का?

1942 च्या ऑगस्टमध्ये पुढारी पकडले गेले आणि भाई भूमिगत झाले. पोरं जमवली, दस्ता उभा केला. त्यांनी काय केलं? विजेचे मनोरे पाडले. मुंबईकडे वीज नेणाऱ्या तारांचे लोखंडी टॉवर रात्रीत कापून आडवे केले.

इथे एक गंमत सांगतो. मी काही शिक्षक नाही, आठवडाभर सकाळची गाडी पकडून मुंबईला जाणारा माणूस. पण रविवारी गावातल्या आठ-दहा पोरांना घेऊन डोंगरात, लेण्यांत, जुन्या वाटांवर भटकायची सवय आहे. त्यांना हे टॉवरचं सांगितलं तेव्हा सातवीतल्या एका मुलीने विचारलं, “काका, पण मग आपल्याच गावातली लाइट गेली असेल ना?”

यापेक्षा चांगला इतिहासाचा प्रश्न मी तरी ऐकलेला नाही. कारण त्याचं उत्तर असं आहे की गावात लाइट नव्हतीच.

खोपोलीचं टाटांचं वीजघर 1915 ला सुरू झालं. घाटमाथ्यावर लोणावळा, वळवण, शिरवटा इथे पाणी अडवलं, मोठ्या पाइपांतून खाली सोडलं, खोपोलीत जनित्रं फिरली आणि वीज गेली मुंबईच्या गिरण्यांना. 1922 ला भिवपुरीचं वीजघर आलं, त्याला ठोकरवाडी धरणाचं पाणी. म्हणजे देशातल्या सुरुवातीच्या मोठ्या जलविद्युत प्रकल्पांतले दोन आपल्या दोन तालुक्यांत. तारा आपल्या शेतांवरून, वाड्यांवरून गेल्या. पण त्यांच्या खालच्या घरात चिमणीच होती, आणि ती पुढे कित्येक वर्षं होती. आपल्या आज्यांना विचारा गावात पहिला बल्ब कधी लागला. काही ठाकूरवाड्यांमध्ये तर हा प्रश्न त्यांच्या मुलांना विचारला तरी उत्तर मिळेल, इतकं ते अलीकडचं आहे.

आता आझाद दस्त्याने मनोरेच का निवडले ते कळतं. गिरण्या आणि आगगाड्या ज्या विजेवर चालतात, ती वीज आपल्या तालुक्यातून जाते, युद्धाचे दिवस आहेत, तिथेच दाबायचं. हा नकाशा वाचून घेतलेला निर्णय होता. एका ओळीतून बघा काय काय निघालं: भूगोल निघाला, मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास निघाला, दुसरं महायुद्ध निघालं, विकास कोणासाठी आणि कोणाच्या जमिनीवरून हा प्रश्न निघाला. शेवटचा प्रश्न आजही आपल्या ग्रामसभेत येतो, फक्त तारांच्या जागी दुसरं काहीतरी असतं.

पुढचं बऱ्याच जणांना माहीत आहे. 2 जानेवारी 1943 च्या पहाटे सिद्धगडच्या जंगलात हॉल नावाच्या पोलीस अधिकाऱ्याच्या तुकडीने दस्त्याला गाठलं. हिराजी गोमाजी पाटील आणि भाई कोतवाल तिथे पडले. हिराजी मानिवलीचे, त्यांचे वडील गोमाजी पाटीलही या लढ्यात होते. भाई तेव्हा फक्त 30 वर्षांचे होते. सिद्धगड मुरबाड तालुक्यात, म्हणजे ठाणे जिल्ह्यात येतो. दरवर्षी 2 जानेवारीला लोक तिथे अभिवादनाला जातात. जायलाच पाहिजे. 2020 मध्ये सिनेमा पण येऊन गेला.

पण अभिवादन आणि अभ्यास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अभिवादनात प्रश्न विचारायचे नसतात. अभ्यासात विचारायचे असतात. पोलिसांना ठावठिकाणा कसा लागला? जंगलात या माणसांना भाकरी कोणी पोचवली? ज्यांनी पोचवली त्यांची नावं कुठल्या यादीत आहेत का? सरकारच्या लेखी ही घातपाताची गुन्हेगारी होती आणि गावाच्या लेखी पराक्रम, मग एकाच रात्रीच्या दोन हकिकतींमधून खरं काय झालं ते कसं काढायचं? हे चौथं म्हणजे इतिहास विषयाचा गाभा आहे. आणि हे शिकायला सगळ्यात सोपी जागा स्वतःचा तालुका असते. फ्रेंच राज्यक्रांतीच्या साधनांची उलटतपासणी आपल्या पोरांना करता येणार नाही. मानिवलीची करता येईल.

आता म्हणाल, अभ्यासक्रमात एवढी मोकळीक कुठे आहे? तर ऐका. दहावीचं इतिहासाचं पुस्तक (2018 पासून आहे ते) एकदा हातात घ्या. अनेक पालकांनी ते उघडलेलंच नसतं, थेट गाईड आणतात. त्यात राजे आणि लढाया फार नाहीत. इतिहासलेखनाची पाश्चात्त्य आणि भारतीय परंपरा, उपयोजित इतिहास, कलांचा इतिहास, प्रसारमाध्यमं, मनोरंजन, खेळ, पर्यटन, आणि शेवटी ऐतिहासिक ठेव्यांचं जतन, असे धडे आहेत. पुस्तक वाईट नाही हो, उलट धाडसी आहे. इतिहास लिहितात कसा आणि तो सांभाळतात कसा हे पंधरा वर्षांच्या मुलांना सांगायला निघालेलं पुस्तक आहे ते. ज्याने कोणी तो आराखडा केला त्याच्या मनात मुलं बाहेर पडतील, म्हाताऱ्यांशी बोलतील, जुनी वस्तू हातात घेतील असंच असणार.

आणि झालं काय? तो सगळा विषय पाठ करायच्या मुद्द्यांमध्ये बसला. ‘मौखिक साधनांचे जतन कसे करावे’ याची पाच वाक्यं घोकून मुलगा पेपर लिहून येतो, आणि घरात नव्वदीची पणजी खाटेवर बसून असते. तिला कोणी काही विचारत नाही. इतिहास-राज्यशास्त्र मिळून 40 मार्कांचा पेपर. गणित-विज्ञानाला क्लास, इतिहासाला परीक्षेच्या आदल्या दोन रात्री. ‘पाठांतराचा विषय’ म्हणून त्याची आपणच घरात इज्जत काढलीय.

शिक्षकांवर सगळं ढकलू नका, हे मी मुद्दाम लिहितोय, नाहीतर खाली कमेंटमध्ये लगेच सुरू होईल. इकडच्याच एका सरांशी बोललो. ते म्हणाले, आठवड्याला मोजक्या तासिका, त्यात राज्यशास्त्र पण उरकायचं, वर निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती भरायची, आणि मुलांना शाळेबाहेर न्यायचं म्हटलं तर परवानग्यांची फाईल आणि अंगावर जबाबदारी. काही वाईट झालं तर कोण उभं राहणार? त्यांचं खोटं नाही. कित्येक ठिकाणी इतिहास ज्याच्याकडे तास रिकामा आहे त्याच्याकडे जातो. तरीसुद्धा काही शिक्षक स्वतःच्या खिशातून करतात, ते मी बघितलंय.

आपल्याकडे शिकवायला काय काय पडलंय, त्याचा हा घाटाचा नमुना बघा. आठवीच्या पुस्तकात इंग्रजी सत्तेच्या परिणामांत रेल्वे येते: 1853, मुंबई ते ठाणे. पाठ. आपल्या पोरांसाठी खरी रेल्वे त्याच्यापुढे सुरू होते. 1856 ला गाडी खोपोलीपर्यंत आली. 1858 ला वर खंडाळा ते पुणे रूळ सुरू झाला. मध्ये घाट. म्हणजे पाच वर्षं अशी होती की मुंबईहून निघालेला माणूस घाटाच्या पायथ्याशी उतरायचा, जमेल त्या वाहनाने नाहीतर पायी वर जायचा आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसायचा. 1863 ला बोरघाटाचं काम पुरं झालं. 25 च्या आसपास बोगदे, सगळे हातांनी आणि सुरुंगाच्या दारूने. 1861 च्या सुमाराला एकाच वेळी 40 हजारांहून जास्त मजूर या घाटात होते. तेव्हाच्या कर्जत गावाची वस्ती किती असेल त्याचा अंदाज करा आणि मग हा आकडा परत वाचा. पटकी आली, अपघात झाले, माणसं हजारोंनी मेली. 1859 मध्ये मजुरीवरून मजुरांचा दंगाही झाला होता. सॉलोमन ट्रेडवेल नावाचा ठेकेदार 1859 मध्ये आला आणि त्याच वर्षी वारला. पुढे त्याची बायको ॲलिस हिने ठेका चालवला. एका विलायती बाईने नवरा गेल्यावर सह्याद्रीत हे काम पुढे नेलं, ही गोष्ट ऐकून मुली डोळे मोठे करतात.

ॲलिसचं नाव आपल्याला माहीत आहे. त्या 40 हजारांतल्या एकाचं तरी सांगा. त्यांतली काही माणसं घाटाखालच्या गावांत राहून गेली असतील का? कुठल्या आडनावात, कुठल्या देवाच्या मूर्तीत, कुठल्या आळीच्या नावात त्याची खूण असेल का? मी उत्तर देत नाही, कारण हे शोधायचं काम मुलांचं आहे, आणि ते फक्त इथलीच मुलं करू शकतात.

ज्यांना कागदात शिरायचंय त्यांच्यासाठी एक उपयोगाची टीप. आपल्या गावांची जुनी माहिती शोधताना लोक ‘कुलाबा’ गॅझेटियर उघडतात आणि काही सापडत नाही म्हणून बंद करतात. तिथे नसणारच. इंग्रजांचं जुनं गॅझेटियर निघालं तेव्हा कर्जत ठाणे जिल्ह्यात होता आणि खालापूर त्याचा पेटा. कर्जत कुलाब्यात आला 1891 मध्ये. म्हणून 1882 चं ठाण्याचं गॅझेटियर बघा, त्यात पिकं, जाती-जमाती, घाटवाटा, बाजार सगळं आहे. कुलाब्याचा रायगड झाला तो तर 1981 मध्ये. हे आधी माहीत असलं की अर्धं काम सोपं होतं. फक्त एक लक्षात ठेवा, ते साहेबाच्या नजरेतून लिहिलेलं आहे. ठाकूर-कातकऱ्यांबद्दलची त्यातली वाक्यं वर्गात वाचायची असतील तर ‘हे कोणी लिहिलं आणि कशासाठी’ हा प्रश्न आधी फळ्यावर लिहून मगच वाचा.

कोंढाण्याचं थोडक्यात. गेल्या काही वर्षांत पेपरात कोंढाणे हे नाव आलं ते धरणामुळे. त्याच कोंढाण्यात दोन हजार वर्षांपूर्वीचं बौद्ध लेणं आहे, आणि चैत्याच्या दर्शनी भागावर ब्राह्मी अक्षरांत एक लेख आहे: कान्हाचा शिष्य बाळक याने हे केलं. बस, एवढंच. कान्हा आणि बाळक! आजही हाक मारली तर कोणीतरी ‘ओ’ देईल अशी नावं. राजाचं नाव नाही, करणाऱ्याचं आहे. सहावीला प्राचीन भारत शिकवताना अजिंठा-वेरूळचे फोटो जरूर दाखवा, पण ज्या शाळेतून कोंढाणं अर्ध्या दिवसात होतं, त्या शाळेने पण फक्त फोटोच दाखवायचा?

उंबरखिंडीबद्दल लिहिताना जरा सांभाळून लिहितो, कारण महाराजांचा विषय आला की लोक अर्धं वाचून भांडायला येतात. खालापूर तालुक्यात चावणीजवळ 2 फेब्रुवारी 1661 ला महाराजांनी शायिस्ताखानाने पाठवलेल्या कारतलबखानाला कोंडलं. घाटावरून कोकणात उतरणारी मोठी फौज दाट झाडीच्या अरुंद वाटेत शिरली, पुढची तोंडं बंद, मागची बंद, पाणी नाही. खानाबरोबर असलेल्या रायबागनने त्याला शरण जायचा सल्ला दिला. खंडणी देऊन तो सुटला. समकालीन असलेल्या ‘शिवभारता’त या लढाईचं सविस्तर वर्णन आहे. आता दर 2 फेब्रुवारीला तिथे कार्यक्रम होतो, गर्दी होते, छान होतं.

पण ही लढाई कळायची असेल तर भाषण ऐकून कळत नाही, चालून कळते. मी पोरांना मे महिन्यात तिकडे नेलं होतं, मुद्दाम. वर कड्याकडे बघा, खाली नदीचं पात्र बघा. घोडा कुठून वळेल? माणूस ओझं घेऊन किती वेळात चढेल? तहान लागली की काय होतं? अर्ध्या तासात एकाने म्हटलं, “म्हणजे खानाला महाराजांच्या आधी जागेनेच हरवलं.” मग दुसरा म्हणाला, “जागा कोणी निवडली पण?” झाला वाद सुरू. मला तिथे एक शब्द बोलावा लागला नाही. महाराजांची थोरवी त्या पोरांना त्या दिवशी जेवढी कळली तेवढी डीजेच्या भिंतीसमोर कळलेली मी पाहिली नाही. राग आला तर येऊ दे.

एक आठवण करून देतो, चौकजवळ एनडी स्टुडिओ आहे. ‘जोधा अकबर’ तिथे झाला, ‘राजा शिवछत्रपती’ मालिका तिथे झाली. आपल्याकडच्या कितीतरी माणसांनी तिथे सुतारकाम केलं, फेटे बांधून गर्दीत उभी राहिली. दहावीच्या पुस्तकात ‘मनोरंजनाची माध्यमे आणि इतिहास’ असा धडाच आहे. प्लायवूड आणि प्लास्टरचा महाल कसा उभा राहतो, सिनेमातला इतिहास आणि कागदातला इतिहास यांत फरक का पडतो, हे ज्याने त्या सेटवर खिळे ठोकले त्या आपल्याच गावच्या काकांना वर्गात बोलवून विचारता येईल. राज्यातल्या किती शाळांना ही सोय आहे? पण त्या काकांना शाळेने कधी बोलावलंय असं माझ्या ऐकण्यात नाही.

हे सगळं आत्ता का लिहितोय? कारण हातातून वेळ जातोय. बेचाळीस साली जे पाच-सात वर्षांचे होते ते आज नव्वदीच्या आसपास आहेत. दस्त्यातल्या माणसांना स्वतः बघितलेलं माणूस आता एखाद्याच गावात सापडेल. पुढची पाच वर्षं गेली की तेही नाही. नंतर कितीही पैसे ओतले तरी ती मुलाखत होणार नाही.

जागांचंही तेच. घाटातला अमृतांजन पूल 5 एप्रिल 2020 ला, लॉकडाऊनमध्ये, स्फोट लावून पाडला. तो 1830 च्या जुन्या घाटरस्त्याच्या काळातला. वाहतुकीला अडथळा होता हे मान्य, अपघात होत होते हेही मान्य. पण पाडण्याआधी आपल्या एका तरी शाळेने त्या पुलाचं मोजमाप घेतलं होतं का, चित्र काढलं होतं का? ज्यांनी तो आयुष्यभर ओलांडला अशा टपरीवाल्यांशी, ट्रकवाल्यांशी बोलून काही लिहून ठेवलं होतं का?

आणि इर्शाळवाडी. 19 जुलै 2023 ची रात्र. खालापूर तालुक्यातल्या कोणालाही ती सांगावी लागत नाही. 27 मृतदेह मिळाले, 57 माणसं सापडली नाहीत, शोध थांबवला. वाचलेली माणसं आता चौकजवळच्या नव्या वसाहतीत आहेत. वाडी गेली म्हणजे घरं गेली एवढंच नाही. पाणवठ्याची वाट, गावदेवाची जागा, कोणाची खाचरं कुठे, डोंगराच्या कुठल्या भागाला काय म्हणतात, हे सगळं आता फक्त त्या माणसांच्या डोक्यात आहे. सात-बाऱ्यावर ते कधीच नव्हतं. ठाकूर-कातकऱ्यांचा इतिहास असाच डोक्यात आणि गाण्यात राहिलेला आहे. आपल्या शाळांमध्ये पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत त्यांची मुलं बसतात, आणि त्यांच्या घरचं पुस्तकात येत नाही. एका वाडीतल्या मुलीने मला सरळ विचारलं, “आमच्या वाडीचा इतिहास हाय का?” मी तिला वही दिली आणि म्हटलं, आजीला विचारून लिही. तिने पहिल्या पानावर वाडीतल्या विहिरीचं लिहून आणलं: कोणी खणली, किती दिवस लागले, त्या वर्षी रोजगार हमीवर किती मजुरी मिळाली, दगड कुठून आणला. दीड पान. स्पेलिंगच्या चुका सोडा, माणसं, काम, पैसा, साल सगळं होतं त्यात. आणखी काय असतं हो इतिहासात?

पहिलीपासून टप्प्याटप्प्याने नवा अभ्यासक्रम येतोय. कोणाचं पान वाढलं, कोणाचं कमी झालं यावर वरच्या पातळीवर भांडणं होतील, आपणही फॉरवर्ड करू. करा. पण पुस्तक कुठलंही आलं तरी त्यात कर्जत-खालापूरला एक-दोन ओळींच्या वर जागा मिळणार नाही. बाकीचं आपल्याला इथेच करायचं आहे. आणि त्याला जीआर लागत नाही. सामाजिक शास्त्रांना 20 मार्क अंतर्गत असतात. ते गाईडमधून उतरवलेल्या गृहपाठाला देण्यापेक्षा एका मुलाखतीला द्या. दहावीच्या 40 मुलांनी वर्षाला 40 म्हाताऱ्या माणसांशी बोलून दोन-दोन पानं लिहिली, तर पाच वर्षांत एका शाळेकडे 200 मुलाखती होतील. कपाटाचा एक खण पुरतो. ग्रामपंचायतीने ठरवलं तर त्या वह्यांची झेरॉक्स आणि बांधणी एका वाढदिवसाच्या फ्लेक्सच्या खर्चात होते. मुख्याध्यापक, शाळा समितीतले लोक, सरपंच मंडळी ही पोस्ट वाचतात हे मला माहीत आहे, म्हणून लिहिलं.

काय विचारायचं हे मुलांना सुचत नाही, त्यांच्यासाठी आम्ही वापरतो ते प्रश्न देतो. गावात पहिला दिवा कधी लागला? शाळेत पहिली मुलगी कोण गेली? भात कुठे विकायला न्यायचे आणि कशातून? सावकार कोण होता (नाव लिहू नका, घरची माणसं अजून इथेच आहेत), व्याज किती? दुष्काळात काय खाल्लं? लग्नात काय वाजायचं? मुंबईला कामाला पहिलं कोण गेलं आणि कुठल्या गिरणीत? आजोबा-आजी थकले की थांबायचं, परत जायचं. त्यांनी सांगितलेलं साल चुकीचं वाटलं तरी मध्ये टोकायचं नाही. लिहून ठेवायचं, नंतर दुसऱ्याकडून पडताळायचं.

ज्यांच्या घरी जुने दस्त, पावत्या, मोडीतले कागद, जुने फोटो आहेत त्यांनी ते कोणालाही, मला सुद्धा, देऊ नका. घरीच मोबाइलवर फोटो काढा आणि कागद प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, कोकणातल्या दमट हवेत बुरशी धरते. सुती कापडात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवा.

या रविवारी पळसदरीला जातोय, घाटाची जुनी लाइन बघायला. सकाळी 7.30 ला स्टेशनच्या बाहेर. सातवी ते दहावीतली मुलं, सोबत घरचं एक मोठं माणूस असेल तर उत्तम. पाण्याची बाटली, टोपी, वही, पेन्सिल. मोबाइल सगळ्यांत मिळून एकच, तो पण आवाज रेकॉर्ड करायला. जुन्या गँगमनपैकी कोणी ओळखीचं असेल तर आधी कळवा, त्यांच्या घरी चहाला थांबू.